पानगळीत फ्रान्सची खेडी: तुमची एक वाट सांगा

फ्रान्सला जाऊन आलेल्या माणसाला विचारलं तर तो आयफेल टॉवर सांगतो, लूव्र सांगतो, फार तर दक्षिणेचा निळा किनारा. मला ल्योंजवळ राहून आता नऊ वर्षं झाली. भारतातून कुणी विचारलं की कधी येऊ, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. सप्टेंबर सरताना ये, शहरात दोन दिवस राहा, आणि उरलेले दिवस खेड्यांत चाल.

जुलै-ऑगस्टमध्ये इथली देखणी गावं पाहुण्यांची असतात. गाडी लावायला जागा नाही, खानावळीत टेबल नाही. ऑक्टोबर लागला की गाव परत गावकऱ्यांच्या हातात येतं. द्राक्षं उतरून झालेली असतात, सफरचंदं पडायला लागतात, डोंगरात चेस्टनट फुटतात, जंगलात अळंबी उगवते आणि घरोघरी भिंतीला लावून सरपण रचायचं काम चालू असतं. फिरायला गेलेल्याला नुसता देखावा नाही, सुगी दिसते. आणि कामात असलेला माणूस बोलतो. उन्हाळ्यात ज्या गावात मी कॉफी मागितल्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं, त्याच गावात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका आजोबांनी मला अर्धा तास थांबवून लाकडं रचायची पद्धत दाखवली होती: ओक खाली, साल वरच्या बाजूला, आणि भिंतीपासून चार बोटं अंतर.

माझी वाट बोजोलेतली. ल्योंच्या उत्तरेला सोनेरी दगडांची गावं आहेत, वँ, तेर्नां आणि आसपासची. तिथल्या चुनखडीत लोहाचा अंश आहे, त्यामुळे घरं, चर्च, विहिरी, बांध, सगळं मधाच्या रंगाचं. ऑक्टोबरच्या अखेरीस गामे द्राक्षाची पानं तांबूस होतात. दुपारी चारचं तिरकं ऊन त्या भिंतींवर पडतं तेव्हा मी दर वर्षी तिथे असते. चौथा शनिवार, पाण्याची बाटली, पाव, चीज, दोन पेअर, आणि दहा-बारा किलोमीटरची गोल वाट. दुसरं काही करत नाही.

आता तुम्ही सांगा. कुठे गेलात, कधी गेलात, काय खाल्लंत, काय चुकलं. चुकलेलंही नक्की लिहा, त्याचाच पुढच्याला उपयोग होतो.

*

आर्देश, दिवाळीच्या आधी

मी तेव्हा ग्रनोब्लला शिकत होतो. दिवाळी चार दिवसांवर, वसतिगृहात मन लागेना, म्हणून मी आणि एक मित्र व्हालाँसहून बसनं ओबनाला गेलो आणि तिथून डोंगरात चालायला लागलो. आर्देशचे डोंगर फार उंच नाहीत, पण उतार असे की माती ठरायचीच नाही. तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दगडावर दगड रचून, चुना न वापरता पायऱ्यांची शेतं केली आणि त्यांवर चेस्टनट लावलं. त्याला ते 'पावाचं झाड' म्हणतात. गहू पिकत नव्हता तिथे चेस्टनट वाळवायचं, दळायचं आणि त्यावर हिवाळा काढायचा.

एका वळणावर जमिनीवर इतके चेस्टनट पडले होते की पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही पिशव्या काढल्या. अर्धी पिशवी भरली असेल तेवढ्यात वरच्या पायरीवरून एक म्हातारे शेतकरी उतरून आले. ओरडले नाहीत. आधी 'बोंजूर' म्हणाले आणि मग शांतपणे विचारलं, तुमच्याकडे दुसऱ्याच्या शेतातले बटाटे उचलतात का?

कानशिलं तापली माझी. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, आणि हे मला कळायला हवं होतं. ती झाडं रानातली नव्हती, कलमं केलेली होती. आर्देशच्या चेस्टनटला २००६ साली एओसी मिळालं आणि २०१४ साली एओपी, म्हणजे त्या नावानं विकायचं तर तिथलंच आणि तिथल्याच जातींचं लागतं. त्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न आम्ही फुकटचा रानमेवा समजून उचलत होतो. आम्ही पिशव्या ओतायला लागलो तर त्यांनी हात केला. राहू द्या, पण आता तासभर मदत करा.

तो तास मी आजवर विसरलो नाही. चेस्टनटचं कवच साळिंदरासारखं असतं, बारीक दाट काटे, हातमोज्यातूनही टोचतात. हात लावायचाच नाही. दोन बुटांच्या मध्ये धरायचं, टाचेनं दाबायचं आणि फिरवायचं, की आतून दोन-तीन तपकिरी बिया निसटतात, पॉलिश केल्यासारख्या. मधली बहुतेक चपटी निघते. हलकी वाटली किंवा भोक दिसलं की बाजूला. नंतर त्यांनी एक दगडी खोपट दाखवलं, त्याला क्लेद म्हणतात. खाली मंद धूर करणारी आग, वर फळ्यांच्या माळ्यावर चेस्टनट पसरलेले. तीन-चार आठवडे आग विझू द्यायची नाही आणि भडकूही द्यायची नाही. आत शिरलो तर डोळे चुरचुरले, पण वास असा गोड की बाहेर यावंसं वाटेना.

शहरातल्या बागांत आणि रस्त्याकडेला दिसतं ते बहुतेक हॉर्स चेस्टनट असतं, ते विषारी आहे. त्याच्या कवचावर काटे जाड आणि विरळ, आतली बी गोल गुळगुळीत. खायच्या चेस्टनटला टोकाला छोटी शेंडी असते. शेंडी नसेल तर तोंडात घालू नका. आणि भाजण्याआधी प्रत्येकाला सुरीनं चीर द्या, नाहीतर फुटून उडतात.

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या गावागावांत आळीपाळीनं 'कास्तान्याद' भरतात, चेस्टनटची जत्राच. चौकात मोठं जाळीचं पिंप आगीवर फिरवत भाजतात आणि कागदी शंकूत देतात. कुझिना नावाचं चेस्टनटचं दाट सूपही मिळतं, थंडीत पोटभर होतं.

*

वाटांबद्दल थोडं, नव्यानं चालणाऱ्यांसाठी

मी कुठल्या एका गावाबद्दल लिहीत नाही, कारण गेल्या सहा वर्षांत दर पानगळीला वेगळीकडे चालले आहे. पण एवढं माहीत असलं तर एकटी बाईसुद्धा निर्धास्त चालू शकते, म्हणून लिहिते.

झाडावर, दगडावर, विजेच्या खांबावर रंगाचे पट्टे असतात. वर पांढरा, खाली लाल म्हणजे जीआर, लांब पल्ल्याची वाट. पिवळा आणि लाल म्हणजे त्या प्रदेशाची फेरी. नुसता पिवळा म्हणजे अर्ध्या किंवा एका दिवसाची छोटी वाट. दोन पट्टे एकमेकांवर फुली मारलेले दिसले की तुम्ही चुकीच्या वाटेला लागलात, मागे फिरा. पानगळीत पायाखालची वाट पानांनी झाकून जाते, तेव्हा नजर वर, खोडांवर ठेवायची.

शिकार. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हंगाम असतो आणि रविवारी हमखास असते. 'शास आँ कूर', म्हणजे 'शिकार चालू आहे', अशी पाटी वाटेच्या तोंडाशी दिसली, किंवा कडेला ओळीनं उभ्या गाड्या आणि भगव्या जाकिटातली माणसं दिसली, तर त्या वाटेनं जाऊ नका. त्यांना नमस्कार करून विचारा, ते दुसरी वाट सांगतात. स्वतःच्या सॅकवर भडक नारिंगी जाकीट चढवा, सायकलच्या दुकानात स्वस्तात मिळतं. मी एकदा तपकिरी कोट घालून गेले होते. एका शिकाऱ्यानं मला स्वतःची टोपी काढून दिली आणि जंगल संपेपर्यंत डोक्यावरून काढू नका म्हणाला. त्याच्या आवाजातली काळजी ऐकून मला आपण काय केलंय ते समजलं.

आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. शनिवारी साडेसहापर्यंत उजेड होता म्हणून रविवारी तसाच बेत केलात तर जंगलात अंधार पडेल.

*

अल्झास, सप्टेंबरचा शेवट

माझं वय सहासष्ट. आम्ही तासगावचे, चार एकर द्राक्षबाग. मुलगा स्ट्रासबूरला असतो, त्याच्याकडे दोन महिने गेले होते. सून टाइप करून देतेय.

मुलानं रिकवीर, एगिसहाइम, कायझर्सबेर अशी गावं दाखवली. लाकडी चौकटींची रंगीत घरं, खिडकीत फुलं. चांगली आहेत, पण खरं सांगते, माझं लक्ष गावात नव्हतं. गावाच्या वेशीला लागून बाग सुरू होते ती डोंगराच्या निम्म्यापर्यंत. मार्लेनहाइमपासून थान्नपर्यंत, १७० किलोमीटर हाच द्राक्षाचा रस्ता आहे म्हणे, १९५३ साली आखलेला. मी म्हटलं, मला गाडीतून नको, बागेतून चालव.

तर तिथे एक पाटी. मुलानं वाचली, सुगी चालू आहे, बागेतल्या वाटा बंद. मला तर बरंच वाटलं. आमच्याकडंही माल तयार असताना परक्याला बागेत कोण सोडतंय? आम्ही कडेच्या डांबरी वाटेनं चाललो. एके ठिकाणी तोडणी चालू होती. दहा-बारा माणसं, बाया-पुरुष दोन्ही, कात्री आपल्यासारखीच. मी कुंपणापाशी उभी राहिले, साडीवर मुलाचा कोट. मालकीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी मुलाला विचारलं, आई काय बघतायत? त्यानं सांगितलं, आमच्याही द्राक्षबागा आहेत. मग काय, आत बोलावलं.

आमची बाग मंडपावर नाहीतर वाय तारेवर, त्यांची उभ्या भिंतीसारखी, एकेक ओळ डोक्याच्या वरपर्यंत तारेवर चढवलेली. घड लहान, मणी बारीक, साल जाड. खायला नाही, दारूला. पण एक मणी तोंडात टाकला तर गुलाबाच्या अत्तराचा वास आला, गेवुर्त्स्त्रामिनर म्हणतात त्याला. मी विचारलं, वर्षातनं छाटणी किती वेळा? एकदाच, हिवाळ्यात. मी सांगितलं, आमच्यात दोनदा. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, कारण आमचा वेल झोपतच नाही, त्याला थंडी पुरत नाही. मुलानं फ्रेंचमध्ये सांगितलं तेव्हा त्या बाई कात्री खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, बिचारा वेल, त्याला विश्रांती कधी? मला उत्तर सुचलं नाही. चाळीस वर्षं बाग केली, हा विचार मनात आला नव्हता.

दुपारी त्यांनी अंगणात बसवलं. नुकता आंबायला लागलेला रस पितात त्या दिवसांत, बरोबर ताजे अक्रोड आणि डुकराचं मांस. मी मांस खात नाही, रसही नको म्हटलं. मला काळ्या मनुका-आलुबुखारासारख्या फळाचा, केत्शचा टार्ट दिला आणि ओले अक्रोड. ओल्या अक्रोडाची आतली साल सोलून खायची, नाहीतर कडू लागतो. हे त्यांनी हातात हात धरून दाखवलं. मला फ्रेंच येत नाही, त्यांना मराठी नाही. तास-दीड तास बसलो.

येताना रस्त्याकडेला एका घरासमोर भोपळे रचलेले, बाजूला पैसे टाकायचा डबा, माणूस कुणी नाही. मुलानं डब्यात नाणी टाकून एक उचलला. त्याची घारगी केली मी.

*

कोरेझ, अळंबीचे दिवस

आजींचं वाचून डोळे भरून आले. माझा अनुभव थोडा भीतीचा आहे.

मी एका शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून सात महिने कोरेझ भागात होते. घरमालकीण मादाम ऐंशीच्या घरातल्या. पाऊस पडून दोन-तीन दिवस ऊब आली की त्या सकाळी सातला वेताची टोपली, छोटी वळणदार सुरी आणि तिच्या मागे लावलेला ब्रश घेऊन निघायच्या. टोपलीच, प्लास्टिकची पिशवी नाही, कारण पिशवीत अळंबी घामेजून खराब होते. जागा कुठली, हे त्या सख्ख्या बहिणीलाही सांगत नसत. मला मात्र एकदा नेलं, कारण मी हंगाम संपला की परत जाणार होते.

सेप शोधायला त्यांनी शिकवलं. ओकच्या आणि चेस्टनटच्या झाडाखाली, नेच्याच्या कडेला, पाव भाजल्याच्या रंगाची टोपी. उलटी केली की खाली पापुद्रे नसतात, स्पंजासारखी बारीक छिद्रं असतात. कोवळ्यात पांढरी, मग पिवळसर, मग हिरवट. पहिली सेप मला दिसली नाही, पायाला लागली. मादाम गुडघ्यावर बसल्या, आजूबाजूची पानं हातानं बाजूला केली, हलकेच पिळून ती काढली, आणि खड्डा परत पानांनी झाकला. घरी लसूण आणि पार्सली घालून ऑम्लेट. त्या चवीला मी दुसरं काही जोडू शकत नाही.

चूक पुढच्या आठवड्यात झाली. मी एकटी गेले. सेप नाही मिळाल्या, पण फिक्या हिरवट टोपीची, खाली पांढरेशुभ्र पापुद्रे असलेली सुंदर अळंबी मिळाली. नशीब असं की मादाम नव्हत्या घरी आणि मी त्यांचंच ऐकलेलं आठवलं: शंका असेल तर फार्मसी. फ्रान्समध्ये औषधनिर्माणाच्या शिक्षणात अळंबीची ओळख शिकवतात, त्यामुळे खेड्यातल्या फार्मसीत टोपली दाखवायची जुनी पद्धत आहे. सगळेच आता बघून देत नाहीत, पण आमच्या गावातल्या बाई बघत.

त्यांनी काउंटरवर कागद पसरला, एकेक मांडली, आणि पेनच्या टोकानं ती हिरवट बाजूला केली. देठ खालून कापला होता मी. त्यांनी विचारलं, बुंधा कुठे? तो जमिनीत राहिला होता. त्या म्हणाल्या, नेमका तोच महत्त्वाचा, कारण बुंध्याशी पांढरी पिशवी असते, त्यावरून ही ओळखतात. अमानित फालोईद. जीवघेणी. खाल्ल्यावर सहा-सहा, बारा-बारा तास काही होत नाही, आणि त्रास सुरू होतो तोवर यकृताला विष लागलेलं असतं. मग त्यांनी माझी अख्खी टोपली फेकायला लावली, चांगल्या अळंबीसकट, कारण एखादा तुकडा चिकटलेला असू शकतो. मी बाहेर येऊन चर्चच्या पायरीवर बसले. पाय थरथरत होते.

कृपा करून ॲपवर विसंबू नका. ओळखायला नेताना अळंबी मुळापासून उकरून न्या, आणि वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवू नका. सरकारी जंगलात साधारणपणे माणशी पाच लिटरपर्यंत घरच्यासाठी चालतं, खाजगी रानात मालकाची परवानगी लागते.

*

नॉर्मंडी, पेई दोज

वर म्हटलंय चुकलेलं लिहा, म्हणून. आम्ही दोघं बव्हरों-आँ-ओजला गेलो होतो. परतीची बस वेळापत्रकात होती, पण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की फक्त शाळा चालू असताना. शाळांना तूसँची, म्हणजे १ नोव्हेंबरच्या सणाची, सुट्टी लागलेली. पाऊस, संध्याकाळचे पाच, गावातलं एकुलतं दुकान बंद. ज्या शेतकऱ्यानं शेवटी स्टेशनवर सोडलं त्याच्या व्हॅनमध्ये मागे सफरचंदं होती, पोती भरून. पूर्ण रस्ताभर तो वास. एक चावून बघितलं तर इतकं तुरट की तोंड आक्रसलं. ती सायडरची सफरचंदं, खायची नव्हेतच. आपोआप पडू द्यायची, ढीग लावून पिकू द्यायची, मग दाबायची, आणि कडू, गोड, आंबट अशा जाती मिसळून चव साधायची. त्यानं पैसे घेतले नाहीत. तळाशी लिहिलेली बारीक अक्षरं वाचत जा, आणि रविवार-सोमवारसाठी पाव आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

*

लुआर नदीच्या दक्षिणेला, शेवंती

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली होती. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीनं सुट्टीसाठी तिच्या आईच्या गावी बोलावलं. जाताना दुकानाबाहेर शेवंतीच्या कुंड्यांची रास दिसली, पिवळी, पांढरी, तपकिरी. दिवाळी, पिवळी शेवंती, मला दुसरं काही सुचलंच नाही. सगळ्यात मोठी कुंडी घेतली.

आईंनी दार उघडलं, कुंडी बघितली आणि क्षणभर थांबल्या. मग दोन्ही हातांनी घेतली आणि माझे आभार मानले. मैत्रिणीनं रात्री सांगितलं. फ्रान्समध्ये शेवंती कुणाच्या घरी नेत नाहीत. १ नोव्हेंबरला, तूसँला, ती कबरीवर ठेवतात. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत देशभर पसरली, कारण नोव्हेंबरच्या थंडीत टिकणारं फूल तेच. मला रडू आलं. मी सकाळी माफी मागितली तर त्या म्हणाल्या, तू चल माझ्याबरोबर.

गावाबाहेर भिंतीच्या आत स्मशानभूमी. धुकं, आणि धुक्यात सगळीकडे शेवंती. लोक बादल्या, ब्रश घेऊन आलेले, दगड घासत होते, गेल्या वर्षीची पानं उचलत होते, एकमेकांशी हळू बोलत होते. त्यांनी माझी कुंडी नवऱ्याच्या कबरीवर ठेवली. स्वतःची त्याच्या बाजूला. मग मला म्हणाल्या, तुमच्याकडे हे फूल कशासाठी असतं ते सांग. मी देवघर, हार, वेणी, सगळं सांगितलं. येताना त्यांनी वाटेत पडलेलं एक तपकिरी फूल उचलून माझ्या वेणीत खोचलं.

*

एस्पलेट, बास्क प्रदेश

दोनच ओळी. ऑक्टोबरमध्ये तिथल्या पांढऱ्या घरांच्या दर्शनी भिंती लाल मिरच्यांच्या माळांनी भरलेल्या असतात, वाळायला टांगलेल्या. २००० सालापासून या मिरचीला एओसी आहे, आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तिचा सण असतो. तिखट बेताचंच, पण वास खमंग. पाच वर्षं घराबाहेर असलेल्या माणसानं तिथे वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभं राहावं. आधी गावाबाहेरच्या शेतांतून ऐनोआपर्यंत चालून घ्या, मग मिरच्या बघा.

*

नव्ह-शापेल, ११ नोव्हेंबर

मी लीलला असतो. गाव सातारा जिल्ह्यातलं, अपशिंग्याजवळचं, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात. वडील आणि आजोबा दोघं फौजेत होते. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्याच पानगळीत मी ला बासेला उतरून उत्तरेकडे पाच किलोमीटर चाललो.

सुंदर वाट म्हणून कुणी जाऊ नये. सपाट रान, ओलं आभाळ, बिटाची काढणी चालू. शेताच्या कडेला बिटांचे घराएवढे ढीग आणि रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल. तो चिखल बुटाला धरतो तो सुटत नाही. दहा मिनिटांत प्रत्येक पाय दोन किलोचा होतो. चालताना मनात एकच गोष्ट होती. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी सैनिक मार्सेलला उतरले आणि ऑक्टोबरच्या शेवटी याच पट्ट्यात खंदकांत होते, बऱ्याच जणांच्या अंगावर उन्हाळी सुती खाकी. त्यांनी फ्रान्स पाहिला तो असा, पानगळीतला, या चिखलातला. मार्च १९१५ मध्ये नव्ह-शापेलची लढाई झाली. गढवालचे गब्बरसिंह नेगी तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

स्मारक गावाबाहेर, ला बासे ते एस्तेर रस्त्यालगत आहे. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचं उद्घाटन झालं. गोल आवार, निम्मी भिंत दगडी जाळीची, सांचीची आठवण करून देणारी, मध्ये जवळपास १५ मीटरचा स्तंभ, वर कमळ, खाली दोन बाजूंना दोन वाघ. स्तंभावर 'देव एक आहे, विजय त्याचा आहे' या अर्थाची ओळ इंग्रजीसह अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत कोरलेली. उरलेल्या भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं, पलटणीप्रमाणे लावलेली. ज्यांचं शव सापडलं नाही किंवा ओळखता आलं नाही, त्यांची.

त्या दिवशी सकाळी जवळच्या एका खेड्यात थांबलो होतो. फ्रान्सच्या जवळजवळ प्रत्येक गावात महायुद्धातल्या मृतांचा स्तंभ असतो. ११ नोव्हेंबरला महापौर तिरंगी पट्टा घालून येतात, आणि नावं वाचतात. तिथे शाळेतली मुलं वाचत होती. प्रत्येक नावानंतर सगळे मिळून म्हणत, 'मोर पूर ला फ्रांस', फ्रान्ससाठी मरण पावला. गाव दोनशे घरांचं नसेल आणि नावं संपत नव्हती. एकाच आडनावाची तीन.

दुपारी मी हिंदी स्मारकाच्या भिंतीपाशी उभा राहिलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एक फळी पुरी करायला वेळ लागला, कारण कुठली नावं कशी उच्चारायची ते कळत नव्हतं, आणि चुकीचं म्हणायला मन तयार नव्हतं. बाहेर रस्त्यावर बिटाचा ट्रक थांबलेला. चालकानं इंजिन बंद केलं होतं. मी बाहेर आलो, त्यानं मान लववली आणि मग गाडी सुरू केली.

*

अल्झासहून पुन्हा, मार्चमध्ये

मी तासगावच्याच आजी. आमचा माल उतरून झाला. त्या मालकीणबाईंनी मुलाच्या फोनवर व्हिडिओ पाठवलाय, जानेवारीतल्या छाटणीचा आणि आता मार्चमधल्या बांधणीचा. एका खोडावर दोनच काड्या राखल्या, बाकी सगळं काढून टाकलं. आणि आता त्या दोन काड्या हळूहळू वाकवून, कमानीसारख्या करून खालच्या तारेला बांधतायत, एक डावीकडं, एक उजवीकडं. काडी मोडू नये म्हणून दमट दिवस बघून करतात म्हणे. मी तो व्हिडिओ आमच्या छाटणीवाल्या पोरांना दाखवला. ते तीनदा बघून म्हणाले, आजी, त्यांना विचारा, एका काडीवर डोळे किती ठेवलेत? मी विचारायला सांगितलंय.